नाताळाच्या मुळाशी सूर्य आहे का?

डिसेंबर उजाडला की एक विधान दरवर्षी नव्या जोमाने फिरू लागते. नाताळ हा मुळात ख्रिस्ती सण नाहीच; वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्याच्या परतीचा जो उत्सव युरोपात हजारो वर्षे चालत आला होता तोच चर्चने उचलला आणि त्याला येशूच्या जन्माचे नाव दिले, असे ते विधान. मग पुराव्यादाखल यादी येते : रोमन लोकांचा सॅटर्नेलिया, उत्तरेकडचा यूल, ड्रुइड पुरोहितांचा मिसलटो, ओडिन देवाची पांढरी दाढी. आपल्याकडे ही यादी आणखी लांबते. पु. ना. ओकांनी तर सगळ्या ख्रिस्ती धर्माचेच मूळ कृष्णभक्तीत शोधले होते. या विधानात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते इतके चिवट ठरले आहे. या सर्वांत लहान दिवसाचे, म्हणजे अयनदिनाचे, आणि नाताळाचे नाते खरे आहे. पण ते बापलेकाचे नाही, असे माझे म्हणणे आहे. एकाच ऋतूने आणि एकाच पंचांगाने या दोघांना शेजारी आणून बसवले. आणि ज्या चालीरीती आपण पाषाणयुगातून आलेल्या समजतो, त्यांतल्या बऱ्याचशा गेल्या पाच-सहाशे वर्षांत शेतकऱ्यांनी, कारागिरांनी आणि घरातल्या बायकांनी ख्रिस्ती म्हणूनच घडवल्या. हे नीट पाहायचे तर आधी विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा समोर ठेवला पाहिजे.

तो पुरावा आयर्लंडमध्ये आहे. बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज येथे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराला बांधलेली एक प्रचंड समाधी आहे. तिच्या दारावर दगडी झरोका ठेवलेला आहे. अयनदिनाच्या आसपासच्या पहाटे उगवत्या सूर्याचे किरण त्या झरोक्यातून शिरतात, एकोणीस मीटर लांबीच्या बोळातून सरकत आतल्या दालनापर्यंत पोचतात आणि सुमारे सतरा मिनिटे तिथे थांबतात. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी हे आत उभे राहून पाहिले. ऑर्कनी बेटांवरच्या मेसहाऊ समाधीत हेच मावळतीच्या सूर्याबाबत घडते. इंग्लंडात स्टोनहेंजजवळच्या ड्युरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांच्या हाडांचा मोठा साठा सापडला. दातांवरून त्यांतली बरीच जनावरे नऊ महिन्यांच्या आसपासची ठरतात. वसंतात जन्मलेली धरली तर ती ऐन हिवाळ्यात कापली गेली. म्हणजे त्या काळी लोक या दिवसांत लांबलांबून जमत आणि मोठ्या पंगती उठत, यात शंका घ्यायला जागा नाही. प्रश्न एवढाच, की हे पुढे कुणी कुणाच्या हाती दिले? न्यूग्रेंज आणि नाताळाची पहिली नोंद यांच्यात साडेतीन हजार वर्षे आहेत. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिल्यानंतरच्या काही शतकांत ब्रिटनमधली सुमारे नव्वद टक्के वंशपरंपरा बदलली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने दाखवले. त्यानंतर भाषा बदलल्या, देव बदलले, राज्ये बदलली. न्यूग्रेंजचे दार तर ढासळलेल्या दगडांखाली गडप झाले होते, ते १६९९ मध्ये पुन्हा उघडे पडले. दोन्ही टोकांना सूर्य आहे म्हणून मधली साखळीही आहे, असे मानता येत नाही. सूर्य कुणालाही, कधीही, नव्याने दिसतो.

आता तारखेकडे वळू, कारण सूर्याचा खरा शिरकाव तिथे आहे. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ पासून जे पंचांग लागू केले, त्यात वर्षाचा सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबर मानला जाई. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनेही तो तसाच नोंदवला आहे. सीझरचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते, त्यामुळे साधारण एकशे अठ्ठावीस वर्षांत एक दिवसाची चूक साचत गेली. चौथ्या शतकात प्रत्यक्ष अयनदिन २१ डिसेंबरच्या आसपास आला होता, पण रूढीतला दिवस २५ तारखेलाच राहिला. पुढे १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस गाळून दुरुस्ती केली, ती सीझरच्या काळापर्यंत मागे नेली नाही; ३२५ सालच्या नायसियाच्या धर्मसभेच्या काळापर्यंतच नेली. म्हणून आज अयनदिन २१-२२ डिसेंबरला आणि नाताळ २५ ला, असे तीन-चार दिवसांचे अंतर दिसते. ते अंतर म्हणजे सीझर आणि नायसिया यांच्यामधली साचलेली चूक. तेव्हा २५ डिसेंबर ही तारीख अयनदिनाची आहे, हे निःशंक मान्य केले पाहिजे.

पण ती तारीख ख्रिस्ती लोकांनी का धरली? नेहमीचे उत्तर असे, की २७४ साली सम्राट ऑरेलियनने 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर बांधले, २५ डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिन ठरला आणि चर्चने तो बळकावला. यासाठी जो पुरावा पुढे केला जातो, तो ३५४ साली फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी तयार केलेल्या पंचांगग्रंथातला आहे. त्यात २५ डिसेंबरला 'अजिंक्याचा जन्म, तीस रथशर्यती' अशा अर्थाची त्रोटक नोंद आहे; सूर्याचे नावही त्यात नाही, ते आपण गृहीत धरतो. ऑरेलियनच्या मंदिराचे उद्घाटन याच तारखेला झाले, असे त्याच्या काळातला कुणीही सांगत नाही. आणि त्याच ग्रंथात दुसऱ्या एका यादीच्या आरंभी, २५ डिसेंबरलाच, यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म झाल्याची नोंद आहे. ती यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते, असे अभ्यासक मानतात. दोन्ही उत्सव एकाच बाडातून आपल्यासमोर येतात. त्यांतला आधीचा कोणता, हे त्या बाडावरून ठरत नाही.

याच्या शेजारी दुसरे उत्तर आहे, ते १८८९ साली फ्रेंच इतिहासकार लुई ड्युशेन यांनी मांडले. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या काही ख्रिस्ती लेखकांनी येशूच्या क्रुसावरच्या मरणाची तारीख २५ मार्च काढली होती. टर्टुलियनच्या लेखनात ती दिसते. थोर पुरुषाचा गर्भप्रवेश आणि मृत्यू एकाच तिथीला होतो, या धारणेने गर्भप्रवेशही २५ मार्चला धरला, आणि तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मरणाची तारीख ६ एप्रिल धरली जाई, त्यातून ६ जानेवारी निघतो; आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करते. दोन प्रदेशांतल्या दोन तारखा एकाच हिशेबाने सुटतात, हे या मताचे बळ. यावर आक्षेप असा, की २५ मार्च ही तरी कुठून आली? ती सीझरच्या पंचांगातली वसंतसंपाताची रूढ तारीख, जगाची उत्पत्तीही काहींनी त्याच दिवशी मानलेली. आक्षेप रास्त आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सूर्य दोन्ही वाटांनी आत येतो. फक्त तो मंदिरातून न येता पंचांगातून आला असणे अधिक संभवते. संपात, अयन, सृष्टीचा आरंभ आणि तारणहाराचा जन्म यांची एकाच चौकटीत सांगड घालू पाहणाऱ्या विद्वानांच्या गणितातून ही तारीख घडली. पुढे पाचव्या शतकात पोप लिओने, सेंट पीटरच्या पायऱ्यांवर थांबून उगवत्या सूर्याला मान लववणाऱ्या ख्रिस्ती लोकांना खडसावले. म्हणजे सूर्याविषयीचा आदर सामान्य भाविकांच्या मनात जिवंत होता, आणि धर्मगुरूंना त्याचे भांडवल करण्यापेक्षा त्याचा त्रासच अधिक होत होता.

मग 'चर्चने सण पळवला' ही कथा एवढी रुजली कशी? तिचा स्पष्ट उच्चार पहिल्यांदा एका सिरियाक हस्तलिखितावरच्या बाराव्या शतकातल्या टिपणात सापडतो, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी. लिहिणारा पूर्वेकडचा, ६ जानेवारी सोडून २५ डिसेंबर धरणाऱ्या पश्चिमेला दोष देण्याकडे त्याचा कल. खरे बळ या कथेला सतराव्या शतकातल्या प्युरिटन पंथीयांनी दिले. बायबलात न सांगितलेला प्रत्येक सण त्यांना मूर्तिपूजेचा अवशेष वाटे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला, तो १६८१ पर्यंत कायद्यात होता. बोस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी १६८७ मध्ये नाताळ म्हणजे सॅटर्नेलियाच, असे छापून सांगितले. १७४३ मध्ये जर्मन विद्वान याब्लॉन्स्की यांनी अजिंक्य सूर्याचा मुद्दा मांडला. एकोणिसाव्या शतकात याकोब ग्रिम आणि पुढे जेम्स फ्रेझर यांनी तोच धागा उलट्या भावनेने विणला : प्युरिटनांनी ज्याची निंदा केली, त्यालाच त्यांनी लोकजीवनाचा अमोल ठेवा म्हटले. निंदा आणि गौरव यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण खालचा पुरावा तोच, तेवढाच तोकडा. आज सूर्यपूजेच्या वारशाचा अभिमान बाळगणारे लोक नकळत एका कर्मठ पाद्र्याचा युक्तिवाद पुढे चालवत असतात.

वस्तू एकेक करून तपासल्या तर चित्र आणखी स्पष्ट होते. ड्रुइड पुरोहित ओक वृक्षावरचा मिसलटो सोन्याच्या कोयत्याने कापत, हे प्लिनीने लिहिले आहे. पण तो विधी चंद्राच्या सहाव्या दिवशीचा, अयनदिनाचा त्यात उल्लेखच नाही, आणि मिसलटोखाली चुंबन घेण्याची चाल इंग्लंडात अठराव्या शतकात दिसू लागते. सजवलेले झाड अल्सास प्रांतातून येते : सेलेस्टात गावच्या १५२१ च्या जमाखर्चात नाताळासाठीची झाडे राखणाऱ्या वनरक्षकांचे मानधन आहे, आणि १६०५ च्या एका वर्णनात स्ट्रासबुर्गच्या घरांत कागदी गुलाब, सफरचंदे आणि पापडीसारख्या वड्या टांगलेली झाडे आहेत. २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकांत स्वर्गातले झाड सफरचंदांनी सजत असे. सफरचंदाचा उलगडा तिथे होतो, त्यासाठी ओडिनची गरज पडत नाही. सांताक्लॉजचे मूळ मायराचा बिशप निकोलस, त्याचा सण ६ डिसेंबरचा, आणि आजचे रूप एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कचे.

म्हणजे जुने काहीच टिकले नाही, असे मी म्हणत नाही. टिकले, आणि ते ओळखण्याची एक खूण आहे. जी चाल खरोखर आधीपासून चालत आलेली असते, तिच्याविरुद्धच्या तक्रारी शतकाशतकांत सापडतात. अशा तक्रारी आहेत, पण त्या बहुतांशी १ जानेवारीच्या रोमन नववर्षाविरुद्ध आहेत. त्या दिवसांत लोक एकमेकांना भेटी देत, दारे हिरव्या डहाळ्यांनी सजवत, हरणाची सोंगे काढत, पुरुष बायकांचे कपडे घालून नाचत. अँटिऑकच्या लिबानियसने चौथ्या शतकात या उत्सवाचे कौतुकाने वर्णन केले. सहाव्या शतकात आर्ल्सच्या सीझेरियसने सोंगांवर प्रवचने झोडली, तर ब्रागाच्या मार्टिनने घरे लॉरेलच्या पाल्याने सजवायला मनाई केली. एवढी मनाई होऊनही पाला, भेटी आणि सोंगे नाताळाच्या बारा दिवसांत शिरलीच. बल्गेरियात आणि रुमानियात दारोदार गाणी म्हणत हिंडणारी पोरे ज्या चालीचा वारसा सांगतात, तिचे नावदेखील त्या रोमन नववर्षावरून आले आहे. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होई, गुलामांना त्यात मोकळीक मिळे, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट दिल्या जात. साम्य लोभस आहे. पण त्या सणातून नाताळात काय आले, हे दाखवणारा असा सलग माग नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. चर्चने मुद्दाम जुन्या देवळांवर आणि सणांवर आपले छप्पर चढवले, याचा लेखी पुरावाच आहे. पोप पहिल्या ग्रेगरीने ६०१ साली इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रसारक मेलिटसला कळवले, की देवळे पाडू नका, मूर्ती काढा. लोक बैल कापत असतील तर कापू द्या, फक्त ते देवाच्या स्तुतीसाठी असू द्या. हे पत्र खरे आहे, आणि त्यामागचे धोरणही खरे. पण त्यात ज्या दिवसांचा उल्लेख आहे, ते चर्चच्या प्रतिष्ठापनेचे आणि हुतात्म्यांचे दिवस आहेत. शिवाय पत्राआधी किमान अडीचशे वर्षे रोममध्ये नाताळ २५ डिसेंबरला ठरून गेला होता, त्यामुळे या पत्रातून नाताळाची तारीख निघू शकत नाही. इंग्लंडातला मठवासी इतिहासकार बीड याने ७२५ मध्ये, इंग्रजांचे पूर्वज नाताळाच्याच रात्री 'मातांची रात्र' पाळत, असे लिहिले. त्या रात्री काय होई हे तो सांगत नाही, आणि दुसरा कुणी साक्षीदार नाही. यूलबाबत तर आइसलँडच्या स्नोरीने तेराव्या शतकात लिहिलेली हकिगत उलट्या दिशेची आहे. नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने दहाव्या शतकात कायदा केला, की यूल यापुढे ख्रिस्ती लोकांच्या सणाबरोबर सुरू व्हावा आणि प्रत्येकाने ठरावीक मापाची बिअर गाळावी. आधी तो ऐन हिवाळ्याच्या रात्री, म्हणजे जानेवारीत होई. इथे नाताळ जागचा हलला नाही. यूल त्याच्याकडे सरकला. स्नोरी घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितो, हे ध्यानात ठेवूनही त्याची साक्ष रूढ कथेच्या विरुद्ध जाते.

मग अयनदिनाची लोककथा गेली कुठे? ती ख्रिस्ती संतांच्या आणि भुतांच्या कथांत नव्याने जन्मली, आणि याचा उत्तम पुरावा संत लूसिया. तिचा दिवस १३ डिसेंबर. स्वीडन-नॉर्वेत ही वर्षातली सर्वांत लांब रात्र मानली जाई : जनावरे बोलू लागतात, लुस्सी नावाची भयंकर बाई हिंडते, मळणी-कताई पुरी झाली नसेल तर शिक्षा करते. आजच्या हिशेबाने १३ तारीख चुकीची वाटते. पण साचत गेलेल्या चुकीमुळे तेराव्या-चौदाव्या शतकात सीझरच्या पंचांगानुसार अयनदिन नेमका १३ डिसेंबरच्या आसपास येत होता. त्याआधीही तो तिथे नव्हता, नंतरही नव्हता. म्हणजे ही श्रद्धा तयार झाली ती मध्ययुगाच्या उत्तरार्धात, शेकडो वर्षे ख्रिस्ती झालेल्या गावांत, एका सिसिलीच्या हुतात्मा मुलीच्या नावाने. शेतकऱ्याने आकाशाकडे पाहिले, चर्चचे पंचांग पाहिले आणि दोन्ही जुळवले. ग्रीसमध्ये कालिकांझारी नावाची काळी, केसाळ भुते वर्षभर जमिनीखाली जगाचा आधारवृक्ष करवतीने कापत बसतात. तो पडायला आला की नाताळ येतो, ती माणसांना छळायला वर येतात, आणि बारा दिवसांनी तीर्थ शिंपडून हाकलली गेली की खाली झाड पुन्हा भरून आलेले असते. तोवर घराघरांत चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. काळोख ओसरण्याची ही इतकी सुरेख कल्पना आहे, की तिला प्राचीन ठरवून तिच्या मध्ययुगीन कर्त्यांकडून ती काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

सूर्यच मुख्य असता तर इंग्लंडात १७५२ मध्ये काय व्हायला हवे होते? त्या सप्टेंबरात अकरा दिवस गाळून नवे पंचांग लागू झाले, त्यामुळे नाताळ अयनदिनाच्या जवळ आला. जुना नाताळ आता ५ जानेवारीला पडत होता. बकिंगहॅमशरमधल्या क्वेन्टन गावी एक काटेरी झाड होते, नाताळाच्या रात्री फुलणाऱ्या ग्लास्टनबरीच्या पवित्र झाडाच्या वंशातले. नव्या २४ डिसेंबरच्या रात्री कंदील घेऊन माणसांची गर्दी तिथे जमली. झाड फुलले नाही, आणि लोकांनी ठरवले, नवा नाताळ खोटा. शेटलंडच्या फूला बेटावर आजही यूल ६ जानेवारीला होतो. लोकांनी सूर्याला सोडले आणि रूढ तारखेला धरले. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. आपली मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ इसवी सन २८५ च्या सुमारास एकाच दिवशी येत. संपातबिंदू सरकल्याने आता उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागते आणि तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटला जातो. टिळक पंचांगात संक्रांत आणखी चार दिवस आधी येते. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीने १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय पंचांगात १ पौष २२ डिसेंबरला येतो, तरी त्या दिवशी कुणी हळदीकुंकू करत नाही. दोन्हीकडे सूर्याने तारीख दिली आणि पुढे माणसांनी ती स्वतःची केली.

उरतो ऋतू. उत्तर युरोपात नोव्हेंबर-डिसेंबरात चारा कमी पडतो, म्हणून जनावरे कापली जातात. शेतातली कामे थांबतात, नवी बिअर तयार असते, लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. मेजवानी, जाळ आणि भुतांच्या गोष्टी यांना एवढी कारणे पुरेशी आहेत, धर्म कोणताही असो. याची पारख गोव्यात होते. तिथे जून आणि डिसेंबरच्या दिवसांत दोन तासांचाही फरक नाही. अंधाराचे भय नाही, सूर्याला परत बोलावण्याची निकड नाही. तरी इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्तजन्म मराठी ओवीत उतरला, आणि घरोघरी नाताळ मुळे धरून उभा राहिला. युरोपातला बर्फ आणि जळता ओंडका इथे आला नाही. त्याऐवजी चुलीवर नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक आले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताटे जाऊ लागली. नेवरी चवथीला हिंदू घरातही होते. हजार वर्षांनी कुणी संशोधक एवढ्यावरून म्हणाला, की गोव्यातला नाताळ म्हणजे नाव बदललेली गणेशचतुर्थी, तर तो चुकेल. १५६० पासून अडीचशे वर्षे इन्क्विझिशनच्या नजरेखाली राहिलेल्या या घरांनी चतुर्थीचे व्रत चालू ठेवले नव्हते. त्यांना नेवरी करता येत होती, नारळ-गूळ घरात होता, आणि सण नवा होता. मायराच्या बिशपापासून अल्सासच्या सफरचंदांपर्यंत जे घडले ते याहून फार वेगळे नसावे, आणि त्याचा माग काढायचा तर न्यूग्रेंजच्या झरोक्याइतकेच लक्ष सेलेस्टातच्या जमाखर्चाच्या वहीकडेही द्यावे लागेल.